चाकाला चाक

अकरावीला आम्ही चौघी गावाहून घाटंजीला सायकलीनं जायचो. सगळ्यात पुढे माझी चुलत बहीण, तिच्यामागे मी, माझ्यामागे दोघी मैत्रिणी. रस्ता अरुंद, कडेचं डांबर उखडलेलं. कापसाच्या दिवसांत जिनिंग मिलकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या इतक्या फुगवून भरलेल्या असत, की कापूस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर यायचा. ट्रॉली शेजारून गेली की सायकल तिच्याकडे ओढल्यासारखी व्हायची. म्हणून बहिणीनं बजावून ठेवलं होतं : एकामागे एक चालवायचं, मध्ये सायकलभर जागा सोडायची, खड्डा दिसला की पुढचीनं ओरडायचं.

त्या वर्षी कापसाचा भाव रोज उतरत होता. जो तो आजच पोचायच्या घाईत. ट्रॅक्टर भरधाव जायचे. त्या एका आठवड्यात आम्ही दोनदा कडेच्या मुरमात उतरलो होतो.

त्या सकाळी समोरून बोचरा वारा होता. बहिणीच्या पाठीशी चिकटून चालवलं की वारा लागत नाही, हे मला कळलं होतं. मी पुढे पुढे सरकत गेले. माझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या डावीकडे वीतभर आत शिरलं.

"मांगं हो नं वं! चाक लागीन," माझ्यामागची मैत्रीण ओरडली.

"नाही लागत."

मागून ट्रॅक्टर आला. त्याच वेळी बहीण "खड्डा!" म्हणत डावीकडे वळली आणि तिचं चाक माझ्या चाकाला घासलं. तिला काही झालं नाही. मी मात्र तिथेच आडवी झाले. मैत्रिणीला सायकल माझ्या अंगावरून न्यायची नव्हती, म्हणून तिनं ती उजवीकडे ओढली. तिकडे ट्रॉली होती.

ट्रॉलीचा पत्रा तिच्या उजव्या कोपराला लागला. ट्रॅक्टर बराच पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर धावत आला, पण जवळ यायला धजेना. "जित्ती हाय का?" त्यानं लांबूनच विचारलं. आम्ही तिला ट्रॉलीतल्या कापसावर निजवून दवाखान्यात नेलं. वाटभर ती रडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

घरी सगळ्यांना मी सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मैत्रिणीचा हात पुन्हा सरळ झाला नाही. वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, फुलसावंगीकडे.

बऱ्याच वर्षांनी ती घाटंजीच्या बाजारात दिसली. डाव्या हातानं मिरच्या निवडत होती. मी जवळ गेले.

"कुत्रं नव्हतं त्या दिवशी," मी म्हणाले.

"मले माहीत हाय. मी मांगंच होती नं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुहं बी कालेज बंद झालं असतं."

तिची पिशवी घ्यायला मी हात पुढे केला. तिनं दिली नाही.