सुया कुणाच्या होत्या

आमच्या घरात तान्ह्या मुलाचं एक पिवळं स्वेटर आहे. आधी थोरल्यानं घातलं, मग धाकटीनं, मग नातवंडांनी. कुणी विणलं असं विचारलं की मी सांगत आलो, "ऑफिसातल्या एका बाईंनी." बायकोलाही तेच सांगितलं होतं. ती तेच खरं मानून गेली. स्वेटर मी विणलेलं आहे. ते लपवण्यापायी एका बाईंची बदली झाली, आणि त्यांच्या आईला पुन्हा ऊसतोडीला जावं लागलं. हे आता सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकात मी सेलूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. एक खोली, एक बोर्ड, दोन खुर्च्या. कुणी फोन उचलून हँडल फिरवलं की बोर्डावरची त्याच्या नंबरची पत्र्याची झडप खाली पडायची. दिवसा समोर माणूस बसलेला असतो म्हणून बझर बंदच ठेवायचा. म्हणजे सगळी भिस्त डोळ्यांवर. कापसाच्या दिवसांत मान वर करायला सवड मिळत नसे, पण पावसाळ्यात बाजार थंड असला की दुपारी बोर्ड तासन्‌तास गप्प राही.

त्या वेळात दुसऱ्या ऑपरेटर बाई विणायच्या. त्या पेडगावच्या, बौद्ध घरातल्या, त्यांच्या घरात नोकरीला लागलेल्या पहिल्याच. लोकरीचं काम वसतिगृहात शिकल्या होत्या. वडील नव्हते. आईचा सगळा जन्म ऊसतोडीत गेला होता. पहाटेच्या दवात फडात उभं राहून तिचे सांधे धरले होते. नोकरी लागल्यावर बाईंनी आईला सेलूला आणलं. खोली मिळवायला फार हिंडावं लागलं होतं. त्या सांगायच्या, "आता माय कोयता धरणार न्हाई. मी हाय तवर तर न्हाईच." आईसाठीच त्या जाड लोकरीचं स्वेटर विणत होत्या.

एकदा मी गमतीनं म्हणालो, "बाई, आमालाबी शिकवा की."

"शिकताल का भाऊ? का दोन दिवसांची हौस?"

"बघा तर."

माझी बायको तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती. बाळाला काहीतरी करावं असं मनात होतं. बाईंनी सुया दिल्या, टाके घालून दिले. माझा हात लय घट्ट. त्या हसायच्या, "दोरखंड वळायलाव का भाऊ? लेकराला श्वास घेऊ द्या." त्यांनी एकच शिस्त लावली होती: एक सुई, म्हणजे एक ओळ, संपली की मान वर, बोर्डाकडं बघायचं, मगच दुसरी सुई.

त्या दुपारींमध्ये मला जी शांतता मिळाली तशी पुन्हा कधी मिळाली नाही. सुलट, उलट, सुलट. घरच्या काळज्या, साहेबांची बोलणी, सगळं बोटांतून उतरून जायचं. पण कुणाची चाहूल लागली की मी सुया बाईंच्या खुर्चीवर टाकायचो. गावात हसं होईल याची भीती. बाई ते बघायच्या.

एके दुपारी बाई डबा खायला मागच्या व्हरांड्यात गेल्या. त्या नेहमी तिथंच खायच्या. आत बसून का खात नाहीत, हे मी कधी विचारलं नव्हतं. नोंदवहीत बोर्डाची पाळी त्यांची होती, पण जेवणापुरतं दुसऱ्यानं बोर्डावर बसायचं अशी रीतच होती. माझा एक टाका खालपर्यंत निसटला होता. तो वर आणण्यात मी इतका गुंतलो की मान वर करायची राहून गेली. भानावर आलो ते दारात मोंढ्यातले एक अडते शेठ उभे राहिले तेव्हा. हँडल फिरवून फिरवून वैतागून ते स्वतःच चालत आले होते. त्यांची नजर पडायच्या आत मी विणकाम बाईंच्या खुर्चीवर सरकवलं. तेवढ्यात बाई हात पुसत आत आल्या.

शेठनी खुर्चीवरची लोकर बघितली, बाईंकडं बघितलं. "वा! सरकारनं स्वेटरचा कारखाना काढला का? असल्यांना खुर्ची दिली की असंच व्हायचं."

मी बोर्डाकडं बघत राहिलो.

तक्रार बाईंच्या नावानं गेली. परभणीहून साहेब चौकशीला आले. टेबलावर ते पिवळं विणकाम ठेवलेलं. बाई सरळ म्हणाल्या, "साहेब, मी जेवत होते. बोर्डावर भाऊ होते आन् हे इणकामबी त्यांचंच हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "साहेब, मी सुया धरल्या तर बायकू घरात घील का?"

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोघांच्याबी हातात द्या साहेब. ज्याचं हाय त्याचा हात सांगंल."

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी सुया माझ्यापुढं केल्या. मी त्या लेखण्या धराव्यात तशा धरल्या. लोकर चुकीच्या बोटाला गुंडाळली, सुई आडवी घातली आणि मुद्दाम टाके सोडले. आठवडाभर जपून विणलेलं माझ्या डोळ्यांदेखत उसवत गेलं. साहेब पोट धरून हसले. मीही हसलो.

मग सुया बाईंच्या हातात गेल्या. त्यांनाही वेंधळेपणा करता आला असता. त्यांनी माझे सुटलेले टाके एकेक करून वर उचलले, एक अख्खी सुई विणली, आणि काम टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "झालं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

दसऱ्याआधी त्यांची बदली किनवटकडं झाली. जाताना त्यांनी विणकाम माझ्या खुर्चीवर ठेवलं. एवढंच म्हणाल्या, "गळ्याला टाके कमी करा, भाऊ. लेकराचं डोकं अडकंल."

पेडगावहून येणाऱ्या आमच्या शिपायाकडून पुढचं कळलं. नव्या गावी मायलेकींना कुणी खोली दिली नाही. बाई एका ओळखीच्यांकडं कोपऱ्यात राहिल्या, आई पेडगावला परतली. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली तेव्हा ती गाडीत चढली. "म्हातारी नवं स्वेटर घालून गेली बगा फडावर," शिपाई म्हणाला. त्याला ती गंमतच वाटली होती.

मी बाळाचं स्वेटर पुरं केलं, घरी, दार लावून. गळ्याचे टाके कमी केले. त्यात छातीजवळ एक ओळ बाकीच्यांपेक्षा सैल आणि सारखी आहे. ती बाईंची.

गेल्या महिन्यात नातसुनेनं स्वेटर बाळासाठी काढलं आणि तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "मी विणलं." सगळे हसले. थोरला म्हणाला, "बाबा, तुमी आन् इणकाम?" नातसुनेनं स्वतःच्या सुया आणून दिल्या. बोटांना आठवलं. सुलट, उलट. ओळ पुरी होईपर्यंत हसू थांबलं होतं. मग मी सगळं सांगितलं.

नातसुनेनं विचारलं, "मग त्या बाईंचं पुढं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी बोर्डावर बसलो. किनवटची लाइन मागायला एक ट्रंक कॉल पुरला असता, आणि तो लावणं हेच माझं काम होतं.