अर्धी पोटात, अर्धी पेटीत

माझ्या सासऱ्यांचा सरकारवर काडीचा विश्वास नव्हता, कारण त्यांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली होती. वीज मंडळात. "दहा मिनिटांत लाइट येईल, असं फोनवर सांगायचं काम माझंच होतं," ते म्हणायचे. "कधी येणार ते मला तरी कुठे ठाऊक असायचं!"

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे, दुबईजवळ अजमानला आणलं. नवरा सकाळीच हमरिया फ्री झोनला कामावर जायचा, मी शारजाला ऑफिसात, मुलगी शाळेत. दिवसभर फ्लॅटमध्ये बाबा आणि त्यांचा फोन.

त्या फोनवर त्यांना तो सापडला. दुबईत रास अल खोरच्या कुठल्याशा गोदामाचा मराठी मॅनेजर. दर शनिवारी सकाळी तो एका ॲपवर लाइव्ह बोलायचा, अगदी रेडिओसारखं, आणि ऐकणारे मध्ये फोन लावायचे. विषय एकच: संकट येणार, तयारीत राहा. समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने बंद पडले तर? जहाजं थांबली तर? "सरकार 'घाबरू नका' म्हणालं ना, की समजायचं, घाबरायची वेळ झाली." आवाज लोण्यासारखा. ऐकणाऱ्यांना तो 'सावध मंडळी' म्हणायचा.

सुरुवातीला मला बरंच वाटलं. बाबांना उद्योग मिळाला होता. पलंगाखाली पाण्याचे कॅन आले, डाळी आल्या, मेणबत्त्या आल्या. मुलगी ओरडायची, "मॉम, आजोबा इज हायडिंग टिन्स अगेन!" आणि आम्ही हसायचो.

मग एका दुपारी शेजारणीचा ऑफिसात फोन आला. बाबा दारातच कोसळले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या नियमित घेत होते?" मी ठासून हो म्हणाले. त्यांची गोळ्यांची डबी मीच भरायची आणि ती रोज रिकामी व्हायची.

त्यांचे कपडे न्यायला घरी आले, तर पलंगाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत अर्ध्या अर्ध्या गोळ्या. अडकित्त्याने कापलेल्या. मी त्यांचा फोन उघडून जुने कार्यक्रम ऐकत सुटले आणि शेवटी मिळालं. "फार्मसी बंद पडल्या तर काय कराल, सावध मंडळी? आजपासून गोळीचे दोन तुकडे. अर्धी पोटात..." आणि फोनवरची माणसं एका सुरात, हसत: "अर्धी पेटीत!"

नवरा म्हणाला, "पोलिसात कंप्लेंट करू. इथे असल्या बोलण्याला माफी नाही. खलास होईल तो."

मी नको म्हणाले. पोलिसांनी नेला असता, तर 'खरं बोलला म्हणून उचलला' असं म्हणत लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. मला तो त्याच्याच माणसांसमोर हवा होता.

पुढच्या शनिवारी मी फोन लावला. सांगितलं, "तुमचं ऐकून माझ्या सासऱ्यांनी गोळ्या अर्ध्या केल्या. त्यांना अर्धांगवायू झालाय."

मग तोच आवाज, "बघितलंत, मंडळी? आपलं बोलणं झोंबायला लागलं की अशी माणसं पेरली जातात. ताई, कोणी पाठवलं तुम्हाला?" आणि लाइन कट.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरला.

बाबांची स्पीच थेरपी सुरू झाली. थेरपिस्ट केरळची होती, आमच्याशी हिंदीत बोलायची. कितीतरी आठवडे बाबांच्या तोंडून 'पाणी' आलं नाही, माझं नाव आलं नाही. आणि एक दिवस ओठ वाकडा करत ते म्हणाले, "अर्धी... पो... टात."

"जो बात बार-बार सुनी हो, वही पहले निकलती है," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, हे त्याच्या तोंडावर म्हणाल?" त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि दुखेपर्यंत आवळलं.

हिवाळ्यात त्याने शारजाच्या एका पार्कात मेळावा ठेवला. चटया, डबे, मुलंबाळं. तो माइक घेऊन गढूळ पाणी गाळून दाखवत होता. मी व्हीलचेअर थेट पुढे नेली. लोकांनी आदराने वाट दिली.

"या बाबा, या! काही बोलणार?" त्याने स्वतःच माइक बाबांच्या तोंडाशी धरला.

"अर्धी... पोटात."

तो सवयीने हसला, लोकांकडे वळला, उत्तराची वाट बघू लागला. मागून कोणीतरी "अर्धी" म्हणालं आणि गप्प झालं. बाबांच्या हनुवटीवरून लाळ गळत होती.

मी तो बिस्किटांचा डबा त्याच्या टेबलावर उपडा केला. गोळ्यांचे तुकडे गाळलेल्या पाण्यात पडले. "फोनवर विचारलंत ना, मला कोणी पाठवलं? यांनी."

"ताई, मी डॉक्टर नाही, मी फक्त..."

पहिल्या रांगेतली एक बाई नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्हीपण कापता ना?" त्याने मान खाली घातली. ती उठली. मग एकेक करत बाकीचे. मी मात्र हलले नाही. शेवटची चटई गुंडाळली जाईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला ते पोटभर बघायचं होतं.

कार्यक्रम बंद पडला. काही महिन्यांनी तो सुपरमार्केटात समोर आला आणि चाचरत म्हणाला, "ताई, बाबा कसे आहेत?"

"रोज सकाळी बोलायचा सराव करतात. ऐकायला या. आजवर तुम्ही नुसतं बोललात."

भरलेली ट्रॉली तिथेच टाकून तो निघून गेला. घरी सांगितलं, तर बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पुण्याची नणंद फोनवर म्हणते, "वहिनी, सोडून दे आता. माफ केलंस की मन हलकं होईल."

मन जड आहे, असं मी कुठे म्हटलं?