तळाच्या फळ्या

बोट पाण्यात सोडून दहा मिनिटं झाली नव्हती, तोच माझे बूट भिजले. खाली पाहिलं, तर फळ्यांच्या सांध्यांतून सगळीकडून पाणी येत होतं. इंजिन मात्र सुरेख चाललं होतं.

ही बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी धरणावरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकल सुपरवायझर होतो. पलीकडच्या काठाच्या पाहणीसाठी खात्याला मोटरबोट हवी होती. कोल्हारच्या खालच्या अंगाला रंगनाथ नावाचे गृहस्थ प्रवरेवर स्वतःची बोट चालवून माणसं पलीकडे नेत. नदी आटली. बोट काठावर उन्हात पडली आणि रंगनाथ दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. तपासणीसाठी खात्याच्या ट्रकने बोट धरणावर आणली होती. तिचे ते नऊ हजार मागत होते. पण त्यांची खरी आशा वेगळीच होती. बोट घेतली तर चालक म्हणून तुम्हालाच ठेवू, असं आमचे साहेब त्यांना बोलले होते.

मला ट्रक, पंप, ऑइल इंजिनं कळत. बोट मी पहिल्यांदाच तपासत होतो. आधी कॉम्प्रेशन पाहिलं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का ते. उत्तम होतं. मग तळाच्या फळ्या स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्या. कुजलेल्या लाकडात टोक रुततं. इथे कुठेच रुतलं नाही. मग हे पाणी येतंय कसं?

काठाला लागल्यावर मी म्हणालो, "गळत नाही म्हणाला होतात ना?"

"हिच्यात कधी थेंब आला न्हाई, सायेब. मला बी कळंना." रंगनाथ डब्याने पाणी उपसत होते. "दोन दिस पान्यात ऱ्हाऊ द्या. मग बगा."

"दोन दिवसांत काय होईल? बुडेल."

"तसं न्हाई... पर बगा तरी."

साहेब जीपपाशी उभे होते. "काय सुपरवायझर, घ्यायची की नाही? रिपोर्ट आजच जायला हवा."

मला काहीच उलगडत नव्हतं. पण तपासायला आणलेल्या माणसाने 'कळत नाही' कसं म्हणायचं? मी म्हणालो, "इंजिन चांगलंय. तळ कुजलाय. फळ्या बदलाव्या लागतील. चारच्या वर जाऊ नका."

रंगनाथ उपसता उपसता थांबले. "तुमी टोचून बगितलं न्हवं?"

"बघितलं."

"मग तुमी म्हनता तर आसंल."

साडेचार हजारांवर मिटलं. बोट परत न्यायची तर ट्रकचं भाडं त्यांच्याकडे नव्हतं. चालकाचा विषय साहेबांनी तिथेच संपवला. "कुजकी बोट गळ्यात मारणाऱ्याच्या हाती माणसं कशी द्यायची?"

तो शनिवार होता. बोट उथळ पाण्यात बांधून ठेवली. सोमवारी जाऊन ती एकदा उपसली, तर पुन्हा पाणी आलंच नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. तळ कोरडा.

मग डोक्यात प्रकाश पडला. माझे वडील सुतार. उन्हाळ्यात लाकूड आकसून बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली, की ते चाक पाण्यात घालायचे. लाकूड फुगायचं, धाव घट्ट बसायची. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोटही लाकडाचीच, एवढं मला सुचलं नव्हतं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्टवर सही तुमचीच ना? मग राहू द्या. सरकारचे पैसे वाचले."

मी राहू दिलं.

काही महिन्यांनी खडीच्या कामावर रंगनाथ भेटले. हातोडी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "गळती कशी काढली, सायेब?"

"फळ्या बदलल्या," मी म्हणालो.

"तरीच. मी लई जपली हुती तिला. आतून कवा कुजली, माझं मलाच कळलं न्हाई."

ती बोट पुढे अकरा वर्षं चालली. तिची एकही फळी कधी बदलली नव्हती. हे रंगनाथना सांगायचं राहिलं, आणि आता ते नाहीत.

उन्हात पडलेली बोट घ्यायची असेल, तर आधी दोन दिवस पाण्यात ठेवावी. आणि कळत नसेल, तर 'कळत नाही' असंच लिहावं. रिपोर्टात शेऱ्याचा रकाना असतो. माझ्या रिपोर्टात तो कोराच होता.