साबुदाण्याची काच

छत्रीबागेतल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत भरदुपारीही दिवा लावावा लागायचा, म्हणून मी हट्टाने तिच्यावर काचेचं छत घ्यायचं ठरवलं. आर्किटेक्टने लॅपटॉपवर प्रकार दाखवले: सपाट, एका बाजूला उतरतं, चारी बाजूंनी वर निमुळतं होत जाणारं आणि घुमट. मी घुमटावर खूश होतो. आईने चष्मा लावून सगळे पाहिले आणि त्याला विचारलं, “भिया, यातल्या कशावरून पापड्या घसरणार नाहीत?”

उतारावर पाणी साचत नाही, धूळ आपोआप धुऊन जाते, असं आर्किटेक्टने खूप समजावलं. आई म्हणाली, “वो तो ठीक है, पण पापड्या?” छत सपाट झालं.

उन्हाळ्यात आईने त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. नेमका त्याच दिवशी आर्किटेक्ट वेबसाइटसाठी फोटो काढायला आला. खालून वर बघत त्याने फोटो काढला आणि फोटोखाली लिहिलं, ‘खास टेक्स्चर्ड काच’.

आता गिऱ्हाइकं त्याच्याकडे तीच काच मागतात. आईला सांगितलं, तर म्हणाली, “साबुदाणा आदल्या दिवशी भिजवायला सांग त्यांना.”