फेब्रुवारी न भेटलेले दोघे

देवराव सर गेल्याची बातमी मला मिहानमधल्या ऑफिसात डबा उघडता उघडता कळली. धंतोलीच्या दवाखान्यातून त्यांच्या भाच्याचा, सुधाकरचा फोन होता. ‘ताई, मामा गेले,’ एवढंच तो बोलला. त्याला आता पाच आठवडे झाले. दुःख झालंच, पण खरं सांगायचं तर त्याआधी मला राग आला. पुस्तक तेवढं बघून जायचं होतं ना सर…

सर मूळचे उमरेडचे, हातमागावर विणणाऱ्या घरातले. नागपुरात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. स्वातंत्र्यापासूनचे देशाचे अर्थमंत्री हा त्यांचा खास विषय. मात्र नुसती यादी घोकणाऱ्यावर ते उखडायचे. ‘नाव मागून सांग. आधी त्याच्या पुढ्यात काय वाढून ठेवलं होतं ते सांग,’ हा त्यांचा खाक्या. या लेखातही मी त्यांच्याच रीतीनं एकाही मंत्र्याचं नाव घेत नाहीये. वर्गात ते टेबलामागच्या खुर्चीवर एकेकाला बसवायचे आणि म्हणायचे, ‘आता तू अर्थमंत्री. फाळणी झाली हाय, लोकं उघड्यावर हायेत, धान्य नाही. बोल, काय करशीन?’ माझी पाळी आली त्या दिवशी परकीय चलन आटलेलं होतं. मी धडाक्यात पेट्रोल महाग केलं आणि वर्गानं आरडाओरडा करून मला खुर्चीवरून उठवलं. सर पोट धरधरून हसले. ‘घाबरू नको वं. एक जण राजीनामा देऊन घरी गेला, अन् काही वर्षांनी याच खुर्चीवर वापस आला.’

निवृत्तीनंतर त्यांनी हा सगळा इतिहास लिहायला घेतला. दर रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जायचे. ते सांगायचे, मी टाइप करायचे. शेजारी वाचनालयातून आणलेले अर्थसंकल्पी भाषणांचे जाडजूड खंड. एक भाषण संपलं की पुढचं. असं तीन वर्षं चाललं. तोवर त्यांचं हृदय थकलं होतं, आणि ‘फार दिवस धरू नका’ असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून प्रकाशनाची घाई मीच केली. पुस्तकं छापून आली, वाचनालयाचा हॉल ठरला, पत्रिका वाटून झाल्या.

आदल्या दिवशी दुपारी आमचा वर्गमित्र रमेश मौद्याहून सरांना भेटायला आला. तो तिथल्या वीजप्रकल्पात इंजिनियर आहे. प्रत चाळता चाळता म्हणाला, ‘सर, ते महिनाभराचे अर्थमंत्री याच्यात काहून नाहीत?’

सरांनी त्याच्या हातातली प्रत घेऊन अनुक्रमणिका उघडली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘अन् ते डळमळत्या सरकारातले?… तेही नसतीन.’

चूक अशी होती की कमी अभ्यास करणाऱ्याच्या हातून ती झालीच नसती. सरांनी इतिहास भाषणांवरून रचला, त्यामुळे ज्यांनी भाषणच केलं नाही ते दोघे निसटले. दोघंही वर्षाच्या मध्यावर खुर्चीवर आले आणि अर्थसंकल्पाचा फेब्रुवारी उजाडायच्या आत पायउतार झाले. अर्थसंकल्प मांडायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

‘राहू द्या ना सर,’ मी म्हणाले. ‘दोघंच तर हायेत. पुढच्या आवृत्तीत टाकू.’

‘धागा तुटला त माग थांबवा लागते, शुभांगी. आधी गाठ मारतेत, मंग पुढं विणतेत. आमच्या बापानं दुसरं काही शिकवलं नाही.’

‘अन् तुमच्या तब्येतीचं काय?’ हे मी बोलायला नको होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही.

‘मले मालूम हाय,’ ते शांतपणे म्हणाले. ‘डॉक्टर तुले बाजूले घेऊन बोलला, तवाच समजलं. म्हणूनच चुकीचं ठेवून जात नाही मी.’

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बोलतही नव्हते. सर हॉलमध्ये उभे राहिले, ‘पुस्तक आज निघत नाही, चूक माझी हाय,’ म्हणाले, आणि त्या दोन अर्थमंत्र्यांवर तासभर बोलले. इतकं सुंदर ते वर्गातही कधी बोलले नव्हते. आलेली मंडळी रिकाम्या हातानं पण खूश होऊन घरी गेली. माझा निम्मा राग तिथंच उतरला.

राहिलेल्या दोन प्रकरणांपैकी पहिलं त्यांनी घरी सांगितलं, दुसरं धंतोलीत, हाताला सलाईन लावलेलं असताना. शेवटचं वाक्य मला दोनदा वाचायला लावलं : ‘याला अर्थसंकल्प मांडायला मिळाला नाही, पण जितके दिवस खुर्चीवर होता, तितके दिवस देशाचा अर्थमंत्री हाच होता.’ ऐकून त्यांनी मान डोलावली. तीन दिवसांनी ते गेले.

रविवारी सकाळी मी अजूनही त्यांच्या घरी जाते. ती दोन प्रकरणं घालून पुन्हा छापायच्या पुस्तकाची प्रुफं तिथंच बसून तपासली. मागच्या रविवारी छापखान्यातून फोन आला. ‘मॅडम, मुखपृष्ठावर सरांच्या नावाआधी कैलासवासी टाकून राहिलो. बराबर ना?’

‘नाही गा भाऊ,’ मी म्हणाले. ‘त्यांना प्रकाशन भेटलं नाही, एवढंच. पुस्तक त्यांनीच पुरं केलं हाय. नुसतं नाव ठेव.’

फोन ठेवला, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर रडले.