सरकीच्या पोत्यावरून मी उठले नाही

"बाई, उठा. पोतं उचलायचंय," मुकादम काशिनाथ म्हणाला.

मी उठले नाही. जालन्याच्या सरकारी दवाखान्याच्या अंगणात, भर दुपारी, मी सरकीच्या पोत्यावर फतकल मारून बसले होते. निजामाच्या नोकरीतली लेडी डॉक्टर असं बसते, हे बघायला निम्मी गल्ली जमली होती. जमू दे.

पोतं धोंडिबासाठी आलं होतं. धोंडिबा जिनिंगमधला हमाल. कापसाची गठाण थप्पीवरून घसरली आणि त्याची छाती भिंतीशी दाबली गेली. मोठे डॉक्टर दौऱ्यावर, म्हणून तो माझ्या हाती आला. बरगड्या शाबूत, रक्ताचा थेंब नाही. पण पल्स बिघडलेली. काही ठोके बरे, मग एक गाळलेला, मग दोन घाईघाईने.

हृदय म्हणजे शेवटी मांसच. दंडाला मुका मार बसला की तो काळानिळा होतो, तसं तेही होतं. फक्त वरून दिसत नाही. अशा हृदयावर एकदम भार आला तर ते बंदही पडू शकतं. औषध एकच, पडून राहणे. ईसीजी वगैरे आमच्याकडे कुठला? कान आणि बोटं, एवढीच यंत्रं.

पण हमालांच्या टोळीचा कायदा वेगळा. मार लागलेल्या गड्यानं सगळ्यांसमोर पोतं पाठीवर घेऊन फेरी मारायची. मारली तर बरा, नाही तर त्याची जागा दुसऱ्याला. धोंडिबा येईना म्हणून काशिनाथ टोळी आणि पोतं, दोन्ही घेऊन दवाखान्यात आला.

दौऱ्यावरून परतलेले मोठे डॉक्टर व्हरांड्यातून म्हणाले, "हड्डी साबूत है. डिस्चार्ज दीजिए."

"नाही देणार."

"ये हुक्म है."

"मग हा माणूस मेला तर जबाबदार कोण, तेही हुकमात लिहा."

साहेब आत निघून गेले.

धोंडिबा मात्र खाटेवरून उठून आला होता. "बाई, उठा की. जागा गेली तर लेकरं काय खातील? मला काय बी हून न्हाई राह्यलं."

मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

"आम्ही बी मार खाऊन असेच कामावर आल्तो," काशिनाथ म्हणाला.

"सगळे आलात?"

"एक गेल्ता. फेरी मारतानाच पडला. पण त्याला नजर लागल्ती."

"हाड मोडलं होतं त्याचं?"

"न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी काशिनाथचा हात ओढला आणि त्याची बोटं धोंडिबाच्या मनगटावर दाबून धरली. तो आधी हसत होता. मग हसायचा थांबला.

"बाई, नाडी थांबली!"

"आली ना परत? पाठीवर पोतं असताना येईलच, असं नाही."

काशिनाथनं हात सोडला नाही. तसाच हळूच म्हणाला, "आन् जागा?"

"ती तू राखायचीस. टोळीसमोर बोल, तेव्हाच उठते."

"धोंडिबाची जागा मोकळी राहील," तो मोठ्यानं म्हणाला. "कुणी हात लावायचा न्हाई."

मी उठले.

धोंडिबा कुरकुर करत कितीतरी दिवस पडून राहिला. ठोके बरोबर झाले, तसा तो कामावर गेला. मला आज्ञाभंगाचा शेरा मिळाला आणि आडवळणाच्या घनसावंगीला बदली. शेरा खराच होता, मी तो खोडायला कुणाच्या पाया पडले नाही. बाहेरून शाबूत दिसणाऱ्याला आधी हात लावून बघावं, एवढंच या नोकरीत शिकले.

निघताना माझी ट्रंक गाडीत चढवायला धोंडिबाच आला. मी त्याला उचलू दिली. आधी मनगट धरलं, मग.