कालव्याकाठची मेथी

आई आली त्या दिवशीच मी तिला बजावलं होतं, "इथलं काही तोडायचं नाही. फूल नाही, पान नाही, काही नाही." तिने मान हलवली. आईने मान हलवणं आणि आईने ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

हूफडॉर्प या डच गावात आमच्या घरामागे कालवा आहे. त्याच्या काठाने सायकलींचा रस्ता जातो आणि रस्त्याच्या कडेचं गवत नगरपालिका मुद्दाम वाढू देते. मी ऑफिसात असले की आई तिथे फिरायची. संध्याकाळी मला सांगायची, किती हिरवं आहे गं इथे. मी हूं म्हणायचे आणि मेल बघायचे.

जूनमधला रविवार होता. नवरा आणि मुलगी गाडी घेऊन बुइटनव्हेल्डर्टला मित्रांकडे गेले होते. दुपारी आम्ही दोघीच जेवलो. ज्वारीची भाकरी आणि लसूण घातलेली मेथीची भाजी. सोमवारी सकाळी मला एक काम दाखवायचं होतं, म्हणून लॅपटॉप ताटाशेजारीच होता. भाजी मी दोनदा घेतली.

ताटं घेऊन सिंकपाशी गेले तर तिथे ओल्या फडक्यावर उरलेल्या काड्या पडलेल्या. दुकानातली मेथी मुळांसकट येते, रबर लावलेली. या काड्यांना मुळं नव्हती आणि त्या चांगल्या हातभर लांब होत्या.

"आई, ही मेथी कुठली?"

"मिळाली."

"कुठे मिळाली?"

"कालव्याच्या कडेला. बुधवारी आणली. तू ओरडशील म्हणून माझ्या खोलीत ठेवली होती, बॅगेमागे. फडकं ओलं ठेवलं की राहते मेथी. खालची थोडी बुरसटली होती, तेवढी काढून टाकली."

"आजच केलीस?"

"गुरुवारी, शुक्रवारी दुपारी माझ्यापुरती केली होती," ती म्हणाली आणि ओटा पुसू लागली. तेव्हा तिच्या हातावरचा डाग मला दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत निळा-काळा. टेबलाचा कोपरा लागला म्हणे, जरासाच.

आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी ती रोज घेते, आणि त्या गोळीबरोबर काय खावं, काय खाऊ नये याचा कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. तो मीच लावला होता.

रविवारी आमचा हाउसआर्ट्स, म्हणजे रोजचा डॉक्टर नसतो. सुट्टीच्या दिवशीच्या दवाखान्याला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. मी भराभरा इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "तीन पानांची? हातभर उंच? आणि ओली ठेवली होती?"

मग त्या सावकाश बोलू लागल्या. त्यांचं बालपण गोठ्याशेजारी गेलेलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इकडे अशा दोन वनस्पती उगवतात, फुलं येईपर्यंत जुळ्या बहिणींसारख्या. एक जनावरांना घालायचा घास, तो निरुपद्रवी. दुसरीला इथे मधाची क्लोव्हर म्हणतात. ती ओली राहून बुरसटली की तिच्यात रक्त गोठू न देणारं द्रव्य तयार होतं. "असा चारा खाऊन वासरं आतल्या आत रक्त वाहून मेलेली मी पाहिली आहेत. तुमच्या आई तर आधीच गोळी घेतात. पानांच्या कडा बघा. दाते फक्त टोकाशी असतील तर घास. देठापर्यंत सगळ्या कडेने असतील तर दुसरी."

फोन स्पीकरवर ठेवून मी एक काडी उजेडात धरली. दाते टोकाशीच होते. हुश्श म्हणणार तेवढ्यात दुसरी काडी उचलली, तिला खालपर्यंत बारीक करवत. तिसरीला पुन्हा नाही. चौथीचं तर मला काही कळेचना. सगळी पानं एकसारखी दिसू लागली होती. आयुष्यात कधी भाजी निवडताना नीट बघितली असती तर!

आईला इंग्रजी फारसं कळत नाही. तिने विचारलं, "काय बघतेयस?" मी सांगितलं. तिने चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि काड्या निवडायला बसली. तिची बोटं भराभर चालत होती. पान उलटायचं, कड नखाने चाचपायची, बाजूला टाकायचं. "ही लसूणघास. गाईची. ही पण." आणि उरलेल्यांचा दुसरा ढीग. तो तिने नाकाशी नेला. "हिला वाळल्या गवताचा वास येतोय. गोडसर."

दुसरा ढीग मोठा होता.

मी फोनवर तसं सांगितलं. "लगेच या," त्या म्हणाल्या.

टॅक्सी येईपर्यंत मी दारात उभी राहून आईला फैलावर घेतलं. दवाखान्यात तिच्या बोटाचं रक्त घेतलं. रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा हवा त्यापेक्षा बराच वर होता. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, पुढची गोळी बंद केली आणि तासाभराने पुन्हा बघू म्हणाल्या. मला एका जेवणाने काही होणार नव्हतं.

त्या तासात माझा तोल पुन्हा सुटला. "जन्मभर मेथी केलीस तू. पहिल्या घासाला कळलं नाही तुला?"

"कळलं होतं," आई म्हणाली. "गुरुवारीच. कडू होती, पण मेथीसारखी कडू नव्हती. म्हटलं इथल्या मातीची चव असेल. शुक्रवारी परत करून बघितली. मग आज तुला वाढली. म्हटलं, तुला कळेल."

"मग?"

"तू म्हणालीस, अगदी घरच्यासारखी झालीय. दोनदा घेतलीस." ती हातावरच्या डागाकडे बघत होती. "तेव्हापासून मला वाटतंय, माझीच जीभ गेली."

मला रडू आलं. मी तिला खरं ते सांगितलं. मी लॅपटॉपमध्ये बघत जेवत होते, मला कसलीच चव लागली नव्हती, तोंडाला आलं ते बोलले होते.



"म्हणजे माझी जीभ ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसली.